खोर फक्कानला ठरलेली माघार

शारजा, ९ ऑगस्ट

सबाआपा,

आधी कामाचं लिहिते, कारण पत्रात हवापाणी शेवटी असं तूच शिकवलंयस. अब्बांनी तुझं नाव निवडणुकीतून मागे घेतलं आहे.

म्हणजे घेतलेलं नाही, त्यांना घेताच येत नाही. मी तुमच्या शहराची वेबसाइट नीट वाचली. नाव मागे घ्यायचं तर उमेदवाराने स्वतः क्लार्कच्या ऑफिसात जाऊन सही करायची, तीही २१ ऑगस्टच्या दुपारी दोनच्या आत. बापाच्या सहीचा कुठेही उल्लेख नाही. हे अब्बांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सहीचं तू तिला सांग. शब्द मी दिलाय."

परवा शुक्रवारी इथल्या आपल्या गावकऱ्यांच्या जमातीची बैठक डोंगरापलीकडे खोर फक्कानला खैरुद्दीनचाचांच्या घरी होती. एरवी गावच्या कब्रस्तानाची भिंत हा विषय असतो, यंदा तू होतीस. तू आणि चाचांचा ओवेस, एका गावचे दोघं, एका वॉर्डात, नगरसेवकाच्या एकाच जागेसाठी उभे. कॅनडात. पण बोलणं असं चाललं होतं की जणू तो वॉर्ड आपल्या गावच्या जेटीपासून मशिदीपर्यंतच आहे. गावात पंचायतीला दोन घरांतून नावं आली की जमात बसते, एक नाव ठेवते, आणि ज्याचं नाव गेलं त्याच्या बापाला पहिला चहा देतात. तो त्याने घेतला की खलास, पुढे कुणी तोंड उघडायचं नाही. गावात आपसात कधी लढत झाली नाही याचा या लोकांना केवढा अभिमान आहे ते तुला माहीत आहे.

चाचा म्हणाले, "मोहिद्दीन, ओवेस तिथे पंधरा वर्षं आहे. बायको आहे, मुलं आहेत, घर आहे. सबा एकटी. एकट्या पोरीला कोण मत देणार? उगाच आपली मतं फुटायची."

कुणीतरी म्हणालं, "आणि पडली तर गावाची फजिती."

पहिला कप अब्बांपुढे आला आणि त्यांनी घेतला.

मी आणि अम्मी पडद्याआड बायकांच्या खोलीत होतो. परतताना गाडीत अम्मी एवढंच म्हणाली, "महापौर होणारी पोर, चहात बुडवलीत." तू महापौरपदाला नाही, नगरसेवकपदाला उभी आहेस हे मी तिला कितीदा सांगितलं. ती मान डोलावते आणि शेजारच्या मल्याळी आंटींना परत मेयरच सांगते.

फोन करत नाही, कारण बोटिम अ‍ॅपवर तुझ्याशी बोलायला लागले की अब्बा मागे येऊन उभे राहतात. तुझ्याशी स्वतः बोलायचं नाही, तू एकटी कॅनडाला गेल्याला नऊ वर्षं झाली तरी नाही, पण माझ्या कानात वाक्यं पुरवायची. म्हणून ईमेल. आणि मराठीत, कारण ती मला शाळेत मिळालेली नाही. व्हिसाच्या कागदांपायी माझी शाळा अडली, ती दोन वर्षं तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवलंस. अजूनही एखादं वाक्य अर्धवट खरं लिहिलं की तू त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढशील असं वाटतं.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. मला पोचवायला सांगितलं ते पोचवलं.

तुझी,
माहनूर


शारजा, १६ ऑगस्ट

सबाआपा,

तुझं उत्तर आलं. "पोचलं. नाव मागे घेणार नाही. अम्मीच्या गुडघ्याचं काय झालं?"

गुडघा बरा आहे. इंजेक्शन घेतलं. अब्बांना तुझं मधलं वाक्य सांगितलं तर म्हणाले, "तू नीट लिहिलं नसशील." वर्कशॉपमधून आलेले, हातावर एसीच्या डक्टच्या पत्र्याचे ओरखडे, आणि माझ्यावर असा राग की मी तुला हट्ट शिकवला. कुणी कुणाला शिकवलं याचा तरी हिशोब सरळ ठेवायचा.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. खोटं लिहिलं नव्हतं, पण लिहिलंही नव्हतं आणि आठवडाभर ते मला टोचतंय. ओवेसचा धाकटा भाऊ राहिल. ईदनंतर त्याच्याशी माझं ठरलं. दुबईत ड्रॅगन मार्टला टाइल्सच्या दुकानात असतो, इंटरनॅशनल सिटीत तिघांबरोबर राहतो. तुला अम्मी सांगणार होती, मग अब्बा म्हणाले तारीख ठरली की सांगू, आणि तारीख या बैठकीत ठरायची होती. ठरली नाही. कुलसुमचाची अम्मीला म्हणाल्या, "भाभी, बापाचा शब्द एका पोरीने ठेवला तर दुसरीची तारीख आज काढू. बघू या ना, घाई काय आहे?" हसतच म्हणाल्या. वर अम्मीच्या ताटात दोन सांदणं जास्तीची घातली.

तर आता तुला कळलं. तू नाव मागे घेतलंस तर माझं लग्न. नाही घेतलंस तर काय ते कुणी स्पष्ट बोलत नाही.

राहिल मला आवडतो, हेही लिहिते. घराबाहेर पडताना मी गॅसची कळ दोनदा बघते, याला सगळे हसतात. तो एकदा आमच्याकडे आला होता, निघताना स्वतःच आत गेला आणि म्हणाला, "चेक्ड. तिसऱ्यांदा. यल्ला, चला."

तू नाव मागे घे, असं मी लिहिलं आणि खोडलं. घेऊ नकोस, असंही लिहिलं आणि खोडलं. तू का उभी आहेस तेच मला नीट माहीत नाही. तुमच्या शहराच्या पानावर तुझे तीन मुद्दे आहेत: रविवारची बस, फुटपाथवरचा बर्फ, तळघरातल्या भाड्याच्या खोल्या. आपा, रविवारच्या बससाठी माझं लग्न अडलंय. हे वाक्य रागाने लिहिलंय. तरी ठेवते.

माहनूर


शारजा, २० सप्टेंबर

सबाआपा,

महिनाभर लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, तेव्हा फिटंफाट.

मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमेदवारांची नावं उघडून बसले. तुझं होतं. ओवेसचंही. अब्बा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होते. "वेबसाइट जुनी असेल," म्हणाले. दुपारी परत आले, "आता बघ." संध्याकाळी परत. मग विचारायचे थांबले आणि दोन शुक्रवार जमातीला गेलेच नाहीत. पाठ दुखते म्हणाले. ज्याचा शब्द पडला त्याला गावात 'हलका' म्हणतात, आणि ते हलके झालेत. इंडस्ट्रियल एरियात आपल्या गावची चार वर्कशॉपं आहेत. तिथले लोक आता दुपारी अब्बांकडे चहाला थांबत नाहीत.

खैरुद्दीनचाचा मात्र जोरात आहेत. पोर्टच्या कामावरून आले की कॅनडाला फोन. गावचा, गावाच्या सासरचा, जो सापडेल त्याला. परवा आमच्याकडे आले तेव्हा माझ्यासमोरच एकाशी बोलत होते. फोन ठेवला आणि म्हणाले, "ही सहा मतं पक्की."

मी म्हटलं, "चाचा, ते तर वर्क परमिटवर आहेत ना? नागरिक असल्याशिवाय तिथे मत नसतं."

"टॅक्स भरतात ना?"

"भरतात, पण मत नाही. आणि ते बिलकीसखालांचे जावई कॅल्गरीत आहेत. ते शहरच दुसरं, प्रांतही दुसरा."

"मग विमानं कशाला आहेत?" असं म्हणून स्वतःच हसले. मग माझ्याकडे बोट दाखवून अब्बांना म्हणाले, "हिला वकील करा. एक पोरगी मेयर, दुसरी वकील. आपण दोघं मग भांडी घासू."

अब्बा हसले. आपा, ते हसले याचा मला इतका राग आला की मी आत जाऊन धुतलेले कप परत धुतले.

चाचांचं येण्याचं खरं कारण वेगळं होतं. तिथल्या लोकांना म्हणे गोंधळ झालाय: जमातीने ओवेसला उभं केलं तर सबाचं नाव अजून कसं? म्हणून ९ ऑक्टोबरच्या बैठकीत अब्बांनी व्हिडिओत बोलायचं की आमच्या घराचा पाठिंबा ओवेसला आहे. तो व्हिडिओ तिकडे सगळ्यांना जाणार. आणि मग, चाचा दारात चपला घालताना म्हणाले, "मग त्याच दिवशी राहिलची पण तारीख काढून टाकू. इन्शाल्ला."

मी राहिलला फोन केला. त्याला म्हटलं, हे बरोबर वाटतं का तुला? तो म्हणाला, "इट्स वन व्हिडिओ, माहनूर. अंकल दोन लाइन बोलतील, मॅटर क्लोज. तू इतका विचार का करतेस?"

तुला हे आधीच कळवते आहे, म्हणजे व्हिडिओ बघून तुला धक्का बसू नये. एवढंच माझ्या हातात आहे असं वाटतं. आणि ते फार थोडं आहे हेही कळतं.

माहनूर


शारजा, ११ ऑक्टोबर

सबाआपा,

तुला व्हिडिओ मिळाला असेल. त्यात अब्बा ठीक बोलतात. पण तो दुसरा आहे. पहिला तुला कुणी पाठवणार नाही, म्हणून लिहिते.

बैठकखोलीत सगळे बसले होते. राहिल फोन धरून उभा. अब्बांनी ती निळी सफारी घातली होती, आधी विमानतळावर कुणाला सोडायला घालायचे ती. चाचांनी एक-दोन-तीन केलं. अब्बा म्हणाले, "अस्सलाम आलेकुम. मी मोहिद्दीन. आमच्या घराचा पाठिंबा..." आणि थांबले. खोकले. "आमच्या घराचा पाठिंबा ओवेसला आहे."

मी पडदा बाजूला केला. ठरवून नाही. तुला माहीत आहे, मला पाहुण्यांसमोर पाणी मागायचं तरी आधी मनात वाक्य घोकावं लागतं. म्हटलं, "घराचा नाही. अब्बांचा आहे. घरात अम्मी आहे, मी आहे. आम्हाला कुणी विचारलेलं नाही. आणि सबाआपालाही विचारलेलं नाही."

मला वाटलं काहीतरी होईल. कुणी ओरडेल. अब्बा उठतील. काही झालं नाही, आपा. खैरुद्दीनचाचा म्हणाले, "अरे राहिल, परत घे. मागून आवाज आला." जणू एसीचा आवाज आला. आणि राहिलने बोट लावून तो पुसला, फोन परत धरला, आणि मला म्हणाला, हळूच, "प्लीज. दोन मिनिटं."

पडद्याआड आले तेव्हा कुलसुमचाची दस्तरखान पसरत होत्या. माझ्या हातात पाण्याचा जग दिला आणि म्हणाल्या, "बस, पोरी. जेवण होऊ दे." अम्मीने माझी बाही धरली होती. ती तिने पूर्ण जेवणभर सोडली नाही, एका हाताने जेवली.

तारीख काढली नाही. चाचा म्हणाले निवडणुकीनंतर बघू, आता पोरीचं डोकं गरम आहे. परतीच्या वाटेवर अब्बा गाडीत म्हणाले, "माझी लाज काढलीस." मी म्हटलं, "काढली असती, पण त्यांनी परत शूट केलं."

तुझं उत्तर एका ओळीचं आलं तर पाठवूच नकोस. मी इथे तुझ्यासाठी बोलले. माझं कुणी ऐकलं नाही ते सोड, पण निदान तुझ्याकडून चार वाक्यं हवीत.

माहनूर


शारजा, ३१ ऑक्टोबर

सबाआपा,

निकाल मी पाहिला. तिथे जो आधी नगरसेवक होता तोच परत आला. ओवेस तिसरा, तू पाचवी. तुझी आणि त्याची मतं एकत्र केली तरी त्या माणसाच्या निम्मीही होत नाहीत. म्हणजे तू माघार घेतली असतीस तरी तो पडला असता. आणि त्याने घेतली असती तरी तू. ऑगस्टपासून जे चाललं त्याचा निवडणुकीशी काही संबंधच नव्हता.

आणि मग तुझं लांब पत्र आलं. तीन महिन्यांत पहिलं.

मी ते तीनदा वाचलं. ओवेस तुला त्याच्या गाडीतून लायब्ररीतल्या सभांना नेत होता. तुझ्याकडे गाडी नाही म्हणून. व्यासपीठावर तुम्ही पार्किंगवरून आणि तळघरातल्या खोल्यांवरून भांडायचात आणि परत येताना त्याच्या बायकोने पाठवलेला डबा गाडीत खायचात. फलक लावायच्या काठ्या तुला त्यानेच ठोकून दिल्या. अब्बांचा व्हिडिओ तुम्ही दोघांनी एकत्र बघितलात आणि तो म्हणाला, "सबा, सॉरी हां, आमचे म्हातारे ऐकत नाहीत." आणि तू हसलीस.

पुढे लिहितेस, "राहिलला सगळं माहीत आहे, ओवेस त्याला जुलैपासून सांगतोय, मला वाटलं तुलाही माहीत असेल."

मला कोण सांगणार होतं, आपा? तू हसत होतीस. मी इथे एकेक शब्द तपासून तुला लिहीत होते, तुला दुखू नये म्हणून, तुझ्यावर दबाव येऊ नये म्हणून. तू "पोचलं" लिहीत होतीस. अब्बा न विचारता तुझ्या वतीने बोलतात, आणि तू विचारलं तरी बोलत नाहीस. या दोन्हींच्या मध्ये मी आहे.

राहिलला मी त्याच्या दुकानात जाऊन गाठलं. फोनवर नको होतं. बसने गेले. तो गिऱ्हाइकाला टाइल दाखवत होता, मी नमुन्यांच्या रांगेत उभी राहिले. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"की तिकडे भांडणच नाही."

त्याने टाइल परत खाचेत ठेवली. "ओवेसभाई बोलला होता. दे वेअर चिल. मला वाटलं अपने आप सेटल होईल."

"मग चाचांना का नाही सांगितलंस?"

"अब्बूंना? हबीबी, अब्बूंना कोण सांगणार? ते चिडले असते."

"माझं लग्न अडलं होतं, राहिल."

"अडलं कुठे यार? पेंडिंग होतं."

मी परत बसने आले. तो वाईट नाही. हे मला कुणालाच समजावता येत नाहीये, आणि स्वतःलाही नाही. तो परत गॅस तपासेल, तिसऱ्यांदाही तपासेल. पण घरात आग लागली तर मला सांगणार नाही, अब्बू चिडतील म्हणून.

आणि काल चाचांचा फोन आला. अगदी खूश आवाजात. "मोहिद्दीन, खलास, झालं गेलं सगळं. पोरं पडली, पडू दे. डिसेंबरचा दुसरा शुक्रवार धरू या?" अब्बा म्हणाले, "धरा." मी समोर बसून भेंडी चिरत होते. समोर, आपा. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "झालं तुझं काम." इतके हलके दिसले, म्हणजे चांगल्या अर्थाने, कित्येक महिन्यांनंतर. त्यांच्याकडे परत सगळे चहाला थांबणार होते.

मी म्हटलं, "मला करायचं नाही."

ते म्हणाले, "शब्द दिलाय."

मी म्हटलं, "मग परत घ्या. सबाआपाचं नाव मागे घेता आलं नाही कारण तिची सही लागत होती. माझ्या निकाहलाही माझी सही लागते. मी करणार नाही. चाचांना कुणी सांगायचं ते तुम्ही ठरवा."

ते उठून वर्कशॉपला गेले. सुट्टीच्या दिवशी.

माहनूर


खोर फक्कान, गाडीत, ७ नोव्हेंबर

सबाआपा,

हे फोनवर टाइप करते आहे, चुका असतील. खैरुद्दीनचाचांच्या बिल्डिंगखाली आहे. अब्बा वर गेलेत. मी येते म्हटलं तर म्हणाले, "नको. शब्द मी दिला, परत घ्यायलाही मीच जातो."

आठवडाभर आमच्यात बोलणं नव्हतं. आज सकाळी त्यांनी गाडीची चावी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू चालव." शारजा मागे पडून डोंगर लागले. मग एकदम म्हणाले, "तिला किती पडली?"

"कुणाला?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"सबाला."

"सहाशे एक्केचाळीस."

"त्यात आपली किती?"

"आपली म्हणजे?"

"गावची."

"तुमचा व्हिडिओ गेल्यावर एखादंसुद्धा असेल की नाही माहीत नाही."

एक बोगदा गेल्यावर ते म्हणाले, "मग बाकीचे कोण?"

"तिच्या वॉर्डातले. पंजाबी, फिलिपिनो, गोरे, कुणीही. ती दारोदार गेली होती."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

"आणि त्यांनी दार उघडलं?"

"सहाशे एक्केचाळीस जणांनी तर उघडलंच असेल, अब्बा."

त्यांनी ओठांतल्या ओठांत तो आकडा पुन्हा म्हटला. मला त्यांची दया येत नव्हती, हेही तुला खरं सांगते. माझा राग अजून आहे, त्यांच्यावर, राहिलवर आणि तुझ्यावरही. तू पाचवी आलीस त्याचं मला वाईट वाटलं हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं, कारण रागाने जागा पुरली नाही.

वरून आवाज येतोय. चाचांचा. "चेष्टा आहे काय?" एवढं ऐकू आलं. मग कुलसुमचाचींचा. अब्बांचा येत नाही.

राहिलचा मेसेज आला आत्ता. "व्हॉट हॅपन्ड? अब्बू इज शाउटिंग." मी उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच त्याला माझ्याआधी कळलं नाही.

आले. अब्बा खाली आले, एकटे. चाचा बाल्कनीत उभे आहेत आणि मुद्दाम समुद्राकडे बघतायत. अब्बा गाडीत बसले, पट्टा लावला, एसीचा झोत तोंडावर वळवून घेतला. चेहरा घामाने भिजलाय.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय म्हणणार."

"आपाला लिहितेय. काय सांगू तिला?"

ते मला सवयीने वाक्य पुरवणार असं वाटलं. तोंडही उघडलं त्यांनी. मग पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला काय विचारतेस? तुझं तू सांग."

माहनूर